बैठकीची खीर

बैठकीच्या जेवणाला सरजाबाईनं गव्हाची खीर केली होती आणि पंचांपैकी एकानंही तिला नावं ठेवली नाहीत. उलट दोघांनी पुन्हा मागून घेतली.

वाचकहो, नवऱ्यानं बाहेर संबंध ठेवावा, तो उघडकीला यावा, चार शहाण्या माणसांनी बसून प्रकरण मिटवावं आणि मिटल्याच्या आनंदात जिच्या काळजाला घरं पडली तिनंच चुलीपुढं बसून सगळ्यांचं तोंड गोड करावं, असा आपला रिवाज. त्याला गोड जेवण म्हणतात. ते कुणाला गोड लागतं, हे विचारायची आपल्याला सवय नाही.

सरजाबाईचा नवरा लिंबाजी पिंगळीचा. धरणाच्या कालव्याचं काम पाथरीकडं चाललं होतं, तिथं तो हजेरी कारकून होता. सहा दिवस कॅम्पवर राहायचा, शनिवारी संध्याकाळी परभणीहून पॅसेंजर धरून घरी यायचा. कॅम्पवर कमलबाई नावाची एक नवऱ्यानं टाकलेली बाई खानावळ चालवायची. लिंबाजी तिच्याकडं जेवायचा. जेवता जेवता दीड वर्षात जे व्हायचं ते झालं. कालव्यावर मुरूम टाकायला गेलेल्या गावच्या माणसांनी बातमी आणली आणि बौद्धवाड्यात एका दिवसात ती घरोघर पोचली.

सरजाबाईचा थोरला भाऊ तात्याराव झरीच्या शाळेत मास्तर. पंचक्रोशीतली भांडणं मिटवावीत तर त्यानंच, असा त्याचा लौकिक. माणूस निर्मळ, पण घाईचा. चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरात त्यानं विहारापुढं बैठक बसवली. लिंबाजीला बुद्धमूर्तीपुढं फूल वाहायला लावलं.

"दाजी, चूक कबूल हाय?"

"हाय."

"परत होणार न्हाई?"

"न्हाई."

"झालं तर! सरजे, आजपासून हा विषय बंद. तू काढायचा न्हाई, त्यांनी काढायचा न्हाई, तिसऱ्यानं तर मुळीच न्हाई. काढील त्यानं बैठकीचा अपमान केला असं आमी समजू."

माना डोलल्या. सरजाबाईला कुणी काही विचारलं नाही. मग तिनं आपल्या हातानं नवऱ्याला पहिली वाटी दिली, पंचांना वाढलं आणि भांडी घासायला बसली. स्वतः ती खीर तिनं चाखलीसुद्धा नाही.

विषय बंद झाला तो लोकांच्या तोंडात. सरजाबाईच्या डोक्यात तो चोवीस तास उघडाच होता. भाकरी थापता थापता हात थांबायचे आणि तव्यावरची भाकरी करपायची. शनिवारी पॅसेंजर उशिरा आली की ती सारखी दारात जाऊन वाट बघायची. नवऱ्याचा सदरा धुवायला घेताना आधी तो नाकाला लावायची आणि मग स्वतःचीच लाज वाटून पाण्यात बुचकळायची. एकदा धीर करून ती म्हणाली, "अवो, एक इचारायचं होतं."

लिंबाजी दचकला. "बैठकीत मिटलंय ना? मग आता काय उकरायलीस?"

ती गप्प झाली. ती गप्प आहे, जेवायला वाढते, कपडे धुते, म्हणजे विसरली, असा लिंबाजीनं सोयीचा अर्थ काढला. सासू सगुणाबाईनं तर वर मीठ चोळलं. "तू घराकडं नीट लक्ष दिलं असतंस तर माझं लेकरू कशाला भटकलं असतं?" हे वाक्य सरजाबाईला त्या बातमीपेक्षाही जिव्हारी लागलं. कारण रोज ऐकून ऐकून तिला ते खरं वाटायला लागलं होतं.

पिंगळीत सत्यशीलाबाई राहायच्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढून निवृत्त झालेल्या. रविवारी सकाळी विहारात बायकांची वंदना त्याच घ्यायच्या. बाई म्हणणार आणि बायका मागून म्हणणार. एका रविवारी वंदना संपल्यावर त्यांनी सरजाबाईला थांबवून घेतलं.

"सरजे, तू पहिलं शील म्हणतीस, दुसरं म्हणतीस. तिसऱ्याला तुझा आवाज बंद होतो. चौथ्याला परत सुरू. सात रविवार झाले, मी ऐकायलेय."

तिसरं शील म्हणजे व्यभिचारापासून दूर राहण्याचं. सरजाबाईनं खाली बघितलं. "त्यो विषय बंद हाय, बाई."

"कुणी केला बंद?"

"बैठकीनं. दादानं."

"तू केलास का?"

एवढं दोन महिन्यांत तिला कुणीही विचारलं नव्हतं! सरजाबाईच्या डोळ्यांना धार लागली. बाईंनी तिला रडू दिलं. गप्प बस म्हणाल्या नाहीत, उगी उगी म्हणाल्या नाहीत.

मग त्या म्हणाल्या, "खोल जखम वरनं शिवली आन् आत घाण राहिली तर चार दिवस लय बेस दिसती. पाचव्या दिवशी ताप भरतो. मग टाके उसवायचे, रोज धुवायची, आन् तळातनं भरत येईपर्यंत वाट बघायची. तुझ्या दादानं टाके झ्याक घातले. धुतलं मात्र कुणीच न्हाई."

"धुवायचं म्हणजे काय करायचं, बाई?"

"नवऱ्याला घेऊन ये. दवाखान्यात अशी लय जोडपी बघितलीत मी. नवरा बाहेरनं रोग घेऊन यायचा आन् बायकोला इंजेक्शन घ्यावं लागायचं. डॉक्टर औषध देऊन मोकळे व्हायचे. त्या दोघांपाशी बसायचं काम माझ्याकडं यायचं. काही संसार राहिले, काही मोडले. पर ज्यांनी तोंडाला कुलूप घातलं, त्यातला एकबी धड राहिलेला मी बघितला न्हाई."

लिंबाजी आला, पण कपाळाला आठ्या घालूनच. बाईंच्या ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "बाई, तुमी वडीलधाऱ्या. पर ही भानगड बैठकीत मिटलीय."

"बैठकीत तुमची मिटली, लिंबाजीराव. हिची कधी सुरू झाली?"

लिंबाजी मागं सरकून नीट बसला.

बाईंनी गजराचं घड्याळ आणून मध्ये ठेवलं. दर रविवारी दुपारी तीन ते चार, तीन महिने. त्या तासात सरजानं विचारायचं आणि लिंबाजीनं खरं सांगायचं. 'झालं की आता' हे शब्द त्या ओसरीवर चालणार नाहीत. माफी मागायची नाही. "माफी मागितली की समोरच्याला द्यावी लागती, आन् हिच्यापाशी ती अजून तयार न्हाई," बाई म्हणाल्या. बाकीच्या दिवसांत सरजानं सदरे हुंगायचे नाहीत, जे डोक्यात येईल ते रविवारसाठी राखून ठेवायचं. घरात पोरींसमोर आणि सासूसमोर अक्षर काढायचं नाही. आणि सगळ्यात मोठी अट दोघांनाही होती. तीन महिने राहायचं की सोडायचं याचा निकाल लावायचा नाही.

"आन् सरजे, शेजेवरचं काही इचारू नको. ते ऐकलंस तर जल्मभर डोळ्यापुढनं जाणार न्हाई. त्यानं जखम धुतली जात न्हाई, वाढती."

पहिल्याच रविवारी बाईंनी लिंबाजीला विचारलं, "त्या बाईला काय सांगून सोडलंत?"

"काहीच न्हाई. बैठक झाल्यापासनं मी तिच्याकडं जेवायलाच गेलो न्हाई."

"म्हणजे तिलाबी अंधारात ठेवलंत. तीबी कुणाची तरी लेक हाय. आन् दार नुसतं लोटून घेतलं तर उद्या वाऱ्यानं उघडंल. चिठ्ठी लिवा. सरजाला वाचून दाखवा. मग धाडा."

चार ओळींची चिठ्ठी लिहायला लिंबाजीला पाऊण तास लागला. कमलबाईला दोष न देता, चूक आपली होती आणि संबंध संपला, एवढंच त्यात होतं. सरजाबाईनं ती दोनदा वाचायला लावली. दुसऱ्या कॅम्पवर बदली मिळावी म्हणून त्यानं अर्जही केला. फेब्रुवारीअखेर तो मंजूर झाला.

पण विचारायचं म्हटल्यावर सरजाबाईला नीट विचारताच येईना. ती किती शिकलेली? दिसायला कशी? लिंबाजी उत्तरं द्यायचा, घड्याळ टिकटिकायचं. घरी येताना तिला वाटायचं, हे नव्हे. मला हे नव्हतं विचारायचं. दुसरंच काही तरी आत अडकलेलं होतं आणि ते सापडत नव्हतं.

ते चौथ्या रविवारी सापडलं.

"माझी आई गेली तवा," ती एकदम म्हणाली, "तुमी मातीला आला न्हाई."

लिंबाजीनं मान खाली घातली.

"झरीला सांगावा आला तवा मी पोरी घेऊन एकटी गेले. तुमच्या हापिसात तार केली होती दादानं. सगळे तुमच्यासाठी थांबले. दुपार टळली. दादा म्हणला, जावई येत न्हाई म्हणजे काय? तुमी दुसऱ्या दिवशी आला आन् म्हणला, मानवतच्या पुढं गाडी फेल झाली. मी साऱ्या भावकीपुढं भांडले तुमच्यासाठी! म्हणलं, माझा नवरा तसला न्हाई, गाडी फेल झाली त्याला त्यो काय करील? भावजय हसली तर मी तिच्याशी सहा महिने बोलले न्हाई. आता सांगा. गाडी फेल झाली होती का?"

लिंबाजीनं बाईंकडं बघितलं. बाई पदरानं चष्मा पुसत बसल्या होत्या, त्यांनी मदत केली नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "तार दुसऱ्या दिवशी हातात पडली. कारण मी हापिसात नव्हतो. तिच्याकडं होतो."

सरजाबाई रडली नाही. उठून गेली नाही. ती इतकंच म्हणाली, "मला खोटं सांगितलंत त्याचं दुखणं येगळं. तुमी मला खोटं बोलायला लावलंत. माझ्या मेलेल्या आईच्या दारात उभं राहून मी खोटी साक्ष दिली."

आणि तेव्हा लिंबाजीला पहिल्यांदा कळलं! इतके दिवस त्याला वाटत होतं की आपण एक भूक भागवली, बायकोला राग आला, बैठक झाली, फिटलं. आपण हिची इज्जत, हिचा शब्द, हिची आईसाठीची शेवटची घटका, सगळं त्या दीड वर्षात वापरून टाकलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो हमसून रडायला लागला. माफी मागायला हात जोडले, तर बाई कडाडल्या.

"हात खाली! माफी न्हाई म्हणून सांगितलंय. खोटं जिथपर्यंत पोचवलंत, तिथपर्यंत खरं पोचवा."

पुढच्या शनिवारी लिंबाजीनं रजा काढली आणि बाईंना घेऊन दोघं झरीला गेली. तात्याराव शाळेतून नुकताच आला होता. पाहुणे बघून खूश झाला, चहा टाकायला सांगितला. लिंबाजी मात्र टेकला नाही. उभ्या उभ्याच त्यानं गाडीची खरी हकीकत सांगितली.

तात्यारावाचा आवाज चढला. "दाजी, काय बोलायलाव तुमी? हा विषय मी बंद केला होता! आन् सरजे, तूच हे उकरायला लावलंस? आमी चौघं काय येडे म्हणून बसलो होतो?"

"दादा," सरजाबाई म्हणाली, "तू बसलास ते बरंच केलंस. पर मला एकदा तरी इचारलंस का?"

"काय इचारायचं होतं?"

"हेच. तुझं दुखतं कुठं, असं."

सत्यशीलाबाई शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, पोराचं गणित चुकलं तर तुमी त्याला म्हणता का, चूक कबूल कर आन् पाटी पुसून टाक? कुठं चुकलं ते बघायला लावता. नवरा-बायकोच्या बाबतीत मात्र तुमी पाटी पुसली आन् शाळा सुटली म्हणून घंटा दिली."

"बाई, मला वाटलं बोलणं वाढलं की घर मोडंल. घर वाचवायला मी विषय बंद केला."

"गावात बोलणं वाढू दिलं न्हाई, हे बरोबर केलंत. पर दोघांतलं बोलणंबी बंद केलंत. घर तिथं मोडत होतं."

तात्यारावानं बहिणीकडं बघितलं. "सरजे, आईच्या दिवशी तू भावकीशी भांडलीस ते मला आठवतंय. हे पोटात ठेवून तू त्या दिवशी माझ्या वाटीत खीर वाढलीस? आन् मी दोनदा मागितली! बाई गं, चुकलं माझं."

आत चहाचं आधण उकळून उतू गेलं. भावजय ते सोडून बाहेर आली आणि सरजाबाईचा हात धरून नुसती उभी राहिली.

ताप उतरला म्हणून लगेच माणूस कामाला लागत नाही. पुढच्या रविवारी सरजाबाई पुन्हा चिडली, पुन्हा तेच तेच विचारत राहिली. लिंबाजी एकदा वैतागून "अजून किती?" म्हणाला आणि बाईंनी त्याला घड्याळ दाखवलं. पण हळूहळू एक फरक पडला. आता शनिवारी गाडी उशिरा आली तर लिंबाजी दारातच, विचारायच्या आत, का उशीर झाला ते सांगायचा. सदऱ्यांना आता साबणाचा वास आहे की घामाचा, हे बघायचं सरजाबाई विसरून जायला लागली.

एप्रिल लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "आता संसाराचं बोलू. लिंबाजीराव, तिथं असं काय होतं?"

लिंबाजी अडखळत म्हणाला, "तिथं कुणी तरी माझी वाट बघतंय असं वाटायचं."

"आन् मी हितं कुणाची वाट बघत होते?" सरजाबाईनं विचारलं.

मग तीच म्हणाली, "पर खरं सांगते बाई, मीबी हे दारात आले की दळण सांगायची, रॉकेल सांगायची, गळणारं पत्र्याचं छप्पर सांगायची. तुमी कसे हाव, एवढं इचारायचं राहूनच जायचं."

बाईंनी ताबडतोब बोट वर केलं. "थांब. हे त्या चुकीचं कारण न्हाई, सरजे. घरात करमत न्हाई तर बोलावं, भांडावं, बैठक बसवावी. त्यांनी खोटं निवडलं. चूक एकट्याची हाय. संसार मात्र दोघांचा हाय, म्हणून पुढच्यासाठी हे ध्यानात ठेव. तुझी सासू या दोन गोष्टींचा काला करती. तू करू नको."

त्या दिवशी सरजाबाई घरी आली ती ताठ मानेनं. रोज ऐकून खरं वाटायला लागलेलं ते वाक्य बाईंनी तिच्या डोक्यातून काढून टाकलं होतं. सगुणाबाईनं संध्याकाळी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा लिंबाजीच म्हणाला, "आई, चूक माझी होती. हिला पुन्हा बोल लावायचा न्हाई." सगुणाबाई दोन दिवस फुगून बसली, तिसऱ्या दिवशी आपणहून सुनेला चहा मागितला.

मे महिन्यात तीन महिने भरले. बाईंनी विचारलं, "सरजे, निकाल तुझा. फारकत पाहिजे असंल तर मी तुझ्यासंग वकिलाकडं येते. राहायचं असंल तर तसं सांग. दोन्हीत लाज न्हाई."

गेल्या डिसेंबरात लिंबाजीला हिच्या उत्तराची पर्वा नव्हती. आज सगळं त्याच उत्तरावर अडलं होतं.

"मी राहते," सरजाबाई म्हणाली. "पर बैठकीनं सांगितलं म्हणून न्हाई. इसरले म्हणूनबी न्हाई. मला जे इचारायचं होतं ते इचारता आलं आन् खरं ऐकायला मिळालं, म्हणून राहते. पुढं कधी खोटं बोलला तर दादाला बोलवणार न्हाई. मीच निघून जाईन."

"मग गोड करायचं का?" बाईंनी हसत विचारलं.

"करायचं. पर मी न्हाई."

वैशाख पौर्णिमेला लिंबाजीच्या घरी खीर झाली. लिंबाजीनं केली! सहा वर्षं खानावळीत जेवलेल्या माणसाला गहू किती शिजवायचे आणि गूळ कधी घालायचा हे कुठून ठाऊक असणार? सगुणाबाई उंबऱ्यातून ओरडून सांगत होती, धुरानं त्याचे डोळे चोळून चोळून लाल झाले होते. सकाळी विहारात सगळ्यांनी वंदना घेतली होती. तिसऱ्या शीलाला सरजाबाईचा आवाज थांबला नाही. शेजारी पुरुषांच्या रांगेत लिंबाजीचा आवाज मात्र जरा कापला.

झरीहून तात्याराव आला होता. जेवायला बसायच्या आधी तो उभा राहिला. राणीसावरगावात अशाच एका घराची बैठक त्याच्याकडं आली होती, ते सांगून तो म्हणाला, "त्या बैठकीत मी आधी बाईला इचारणार. गावाची तोंडं बंद करीन, पर नवरा-बायकोची न्हाई. आन् गोड जेवण तिनं मनानं सांगितल्याबिगर होणार न्हाई. झालंच तर चूल त्यानं पेटवायची."

वाचकहो, घरात विश्वासघात झाला की आपण दोनच वाटा दाखवतो. गिळून टाक, नाही तर निघून जा. दोन्ही वाटा घाईच्या आहेत आणि दोन्हीवर दुखावलेल्या माणसानं काय विचारायचं होतं ते मागे राहून जातं. चूक करणाऱ्यानं खरं सांगावं, पुन्हा पुन्हा सांगावं, सांगताना वैतागू नये. दुखावलेल्यानं विचारावं आणि निकालाची घाई करू नये. भोवतालच्यांनी दोघांना वेळ द्यावा. संसार राहो की सुटो, पण जखम धुतल्याशिवाय टाके घालू नका. एवढंच या कथेचं सांगणं.

पानं मांडली होती. सरजाबाई पंगतीत बसली. स्वतःच्या घरात ती पहिल्यांदाच पंगतीत बसत होती. लिंबाजीनं पहिली वाटी तिच्यापुढं ठेवली आणि तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. तिनं एक घास घेतला. खीर तळाला करपली होती, सगळ्या घरात वास सुटला होता.

"कशी झालीय?" त्यानं घाबरत विचारलं. "खरं सांग."

"करपलीय," सरजाबाई म्हणाली आणि वाटी पुढं केली. "अजून थोडी वाढा."